प्रश्न तुमचे: एक फिल्टर सगळ्या लेन्सना चालतो का?

मागच्या अंकात मी पावसाळ्यात हिरवाईचे फोटो काढताना पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिरता फिल्टर, आपण ज्याला सीपीएल म्हणतो तो, नक्की वापरून बघा असं दोन ओळीत लिहून गेलो होतो, त्यावर इतके मेसेज आले की विचारू नका. पण निम्म्याहून जास्त जणांचा प्रश्न फिरून फिरून एकच, माझ्याकडे वेगवेगळ्या मापाच्या लेन्स आहेत तर प्रत्येकीला वेगळा फिल्टर घ्यायचा का. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच दिलीय.

रावेरहून एक फोटोग्राफर लिहितात: दादा नमस्कार, मी लग्नाचे फोटो काढतो आणि दोन वर्षांपासून केळीच्या बागांचे पण, रोपवाटिकावाल्यांना आणि ठिबकवाल्यांना माहितीपत्रकासाठी लागतात. पानांवर पांढरी चमक येते आणि हिरवा रंग धुतल्यासारखा दिसतो म्हणून सीपीएल घ्यायचाय. माझ्याकडे कॅननची १८-५५ किट लेन्स, ५० एमएम १.८ एसटीएम आणि आत्ता सेकंडहॅन्ड घेतलेली २४-१०५ एफ ४ एल आहे. दुकानवाले म्हणतात तिघांना तीन घ्या. एकदा मी ५० एमएमची लेन्स म्हणून ५० नंबरचा फिल्टर शोधत बसलो होतो, तो काही मिळाला नाही. नेमकं काय घेऊ?

भाऊ, तीन घेऊ नका. एकच घ्या, पण चांगला घ्या आणि सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्या.

आधी त्या ५० चा घोळ मिटवू. लेन्सवर जे ५० एमएम किंवा १८-५५ लिहिलेलं असतं ती फोकल लेंथ, म्हणजे लेन्स किती रुंद किंवा किती लांबचं बघते तो आकडा, तिचा फिल्टरशी काही संबंध नाही. फिल्टरचं माप वेगळं लिहिलेलं असतं, लेन्सच्या पुढच्या कडेवर गोल काढून त्यावर तिरकी रेघ मारलेलं एक चिन्ह दिसेल, त्याच्यापुढचा आकडा म्हणजे फिल्टरच्या आट्यांचा व्यास. तिथे नाही दिसला तर झाकण काढून त्याच्या आतल्या बाजूला बघा, बहुतेक कंपन्या तिथे पण लिहितात. तुमच्या ५० ला ४९ चा फिल्टर लागतो, १८-५५ च्या बऱ्याचशा मॉडेलना ५८ चा आणि २४-१०५ ला ७७ चा. तुमच्या हातातल्या लेन्सवरचा आकडा मात्र स्वतः वाचूनच ऑर्डर द्या, एकाच नावाच्या जुन्या-नव्या लेन्सचं माप बदलतं, निकॉनच्या १८-५५ मध्येच जुनीला ५२ आणि नव्या एएफ-पीला ५५ आहे.

आता तुम्ही ७७ चा एक सीपीएल घ्यायचा आणि सोबत दोन स्टेप-अप रिंग, एक ५८-७७ आणि एक ४९-७७. स्टेप-अप रिंग म्हणजे नुसती धातूची चकती, आत काच नाही काही नाही, एका बाजूला लहान आटे जे लेन्समध्ये बसतात आणि दुसऱ्या बाजूला मोठे आटे ज्यात फिल्टर बसतो. काचच नसल्यामुळे फोटोची क्वालिटी कमी व्हायचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे रिंग काहीशे रुपयांची चालते, पैसे फिल्टरच्या काचेत घाला. ऑर्डर करताना आकड्यांचा क्रम नीट बघा, पहिला आकडा लेन्सचा आणि दुसरा फिल्टरचा. ७७-५८ लिहिलेली उचललीत तर ती उलटी, स्टेप-डाऊन निघते, तिचा तुम्हाला काही उपयोग नाही.

मोठा फिल्टर लहान लेन्सवर का चालतो, तर लेन्समध्ये जाणारा सगळा उजेड त्याच्या मधल्या भागातूनच जातो, कडा रिकाम्या राहतात. उलट लहान फिल्टर मोठ्या लेन्सवर लावला की त्याची चौकट फ्रेमच्या कोपऱ्यात घुसते आणि चारही कोपरे काळे येतात. ५० एमएमच्या एवढ्याशा लेन्सवर ७७ ची रिंग ताटलीसारखी दिसते, लग्नात लोक बघतील पण, बघू द्या, फोटोत काहीही फरक पडत नाही.

दोन गोष्टींचा मात्र त्रास होतो तो आधीच सांगतो. एक म्हणजे हूड, लेन्सच्या तोंडावरची ऊन अडवणारी टोपी. रिंग लावली की लेन्सचा स्वतःचा हूड बसत नाही, आणि ऊन तिरकं असेल तर मोठ्या काचेवर ते पडून फोटो पांढुरका होतो. मग ७७ चा आट्यांचा रबरी हूड मिळतो तो सीपीएलच्या पुढे लावायचा, किंवा सरळ टोपी नाहीतर हात धरायचा, मी वर्षानुवर्षं हातच धरतो, फक्त बोटं फ्रेममध्ये येत नाहीत ना ते बघायचं. दुसरं म्हणजे झाकण. यावर माझा उपाय असा की रिंग लेन्सवरून काढायचीच नाही, कायम तिथेच ठेवायची आणि सगळ्या लेन्सना ७७ चीच झाकणं घ्यायची. मग बॅगेत हात घातला की कुठलंही झाकण कुठल्याही लेन्सला बसतं आणि फिल्टर या लेन्सवरून त्या लेन्सवर दहा सेकंदात जातो. लग्नाच्या गडबडीत हे फार म्हणजे फार कामाचं आहे.

आता बागेतलं बोलू कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे. केळीचं पान मेणचट असतं, त्याच्यावर आभाळ जसंच्या तसं उमटतं, ती जी पांढरी चमक तुम्हाला दिसते तो पानाचा रंग नसतोच, ते आभाळ असतं. म्हणून ढगाळ दिवशी सुद्धा सीपीएल कामाचा. निसवलेल्या झाडासमोर उभे राहा, घडाच्या मागचं एक मोठं पान डोळ्यासमोर धरा आणि फिल्टरची पुढची कडी हळूहळू फिरवा. एका ठिकाणी ती पांढरी साय निघाल्यासारखी निघून जाते आणि खालचा हिरवा, त्याच्या शिरा, मधला पिवळट दांडा सगळं वर येतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा पुन्हा पुन्हा फिरवून बघावंसं वाटेल. पण चमक शंभर टक्के काढू नका हे माझं आग्रहाचं सांगणं आहे, सगळी काढली की पान कापडासारखं मऊ-मेलेलं दिसतं, थोडी राहू द्या म्हणजे पान ताजं वाटतं. कडी फिरवताना लेन्सच्या समोरून बघितल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरवायची, म्हणजे फिल्टर घट्ट होण्याच्याच बाजूला, नाहीतर फिरवता फिरवता अख्खा फिल्टर सुटून मातीत.

सीपीएल दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) हे पण लक्षात असू द्या. बागेत आत सावली असते, पानं वाऱ्याने हलत असतात, शटर कमी झालं की पानं फाटल्यासारखी येतात, म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, वाढवायला घाबरू नका. आणि बांधावर उभं राहून १८ वर वाइड फोटो घेत असाल, वर भरपूर आभाळ असेल तर सीपीएल काढून ठेवा. सूर्यापासून ९० अंशात आभाळ सगळ्यात गडद होतं आणि बाकीकडे होत नाही, त्यामुळे वाइड फ्रेममध्ये आभाळाच्या मधोमध निळा डाग येतो तो नंतर नीट काढता येत नाही. ते ९० अंश कसे ओळखायचे तर तर्जनी सूर्याकडे धरायची, अंगठा काटकोनात ठेवायचा आणि मनगट फिरवायचं, अंगठा जिकडे जिकडे जातो तिकडे फिल्टरचा असर सगळ्यात जास्त.

तुमची १८-५५ जुन्यातली असेल तर फोकस करताना तिची पुढची नळीच फिरते आणि सोबत सीपीएल पण फिरतो. तसं असेल तर आधी फोकस, मग फिल्टर फिरवायचा, मग क्लिक.

चाळीसगावहून एक ताई लिहितात: बाबांचा जुना रोलचा कॅमेरा गेला पण त्यांचे फिल्टर डब्यात जपून ठेवलेत, सगळे ५२ चे. पिवळा, लाल, एक पोलरायझर आणि क्लोज-अपचा +१ +२ +४ चा सेट. माझी क्रॉप सेन्सरची डीएसएलआर आहे, लेन्स १८-५५ आणि ५५-२५०, दोघी ५८ च्या. तुम्ही म्हणता लहान फिल्टर मोठ्या लेन्सवर लावू नये, मग हे सगळं वाया का?

ताई, वाया अजिबात नाही. ५८-५२ ची स्टेप-डाऊन रिंग घ्या, पण ती कुठे चालते आणि कुठे नाही हे समजून घ्या, कारण 'लहान फिल्टर चालत नाही' हे वाक्य अर्धंच खरं आहे.

१८ वर लावाल तर कोपरे काळे येणार, तिथे हट्ट करू नका. पण ५५-२५० चं गणित वेगळं. २५० वर त्या लेन्सचं सगळ्यात मोठं तोंड एफ ५.६, म्हणजे २५० भागिले ५.६, साधारण ४५ एमएम. एवढ्या रुंदीचा उजेडाचा झोत आत जायला हवा. ५२ च्या फिल्टरची चौकट सोडून आतली काच ४८ च्या आसपास भरते, म्हणजे झोत निघून जातो, आणि टेलीमध्ये, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्समध्ये, बघण्याचा कोन इतका अरुंद असतो की चौकट फ्रेममध्ये यायला फारसा वावच नाही. तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. पांढऱ्या भिंतीचा किंवा कोऱ्या आभाळाचा फोटो घ्या, फोकस लांबवर ठेवून, एकदा तोंड पूर्ण उघडं आणि एकदा एफ १६ वर, ५५, १००, २५० असं करत जा. जिथून पुढे कोपरे स्वच्छ येतात तो आकडा लक्षात ठेवायचा, तिथून पुढे बाबांचे फिल्टर बिनधास्त वापरा.

क्लोज-अपचा सेट तर आजही सोनं आहे. +२ ची काच म्हणजे दोन डायॉप्टर, लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तर समोरची वस्तू अर्ध्या मीटरवर शार्प येते, +४ असेल तर पाव मीटरवर. ५५-२५० वर २०० च्या पुढे जाऊन +२ लावा आणि अंगणातल्या फुलावरची मुंगी बघा. कडा थोड्या मऊ येतात, एफ ११ ला बऱ्यापैकी सुधारतात.

पोलरायझरचं मात्र एक तपासायला लागेल. रोलच्या जमान्यातला असेल तर साधा लिनिअर असू शकतो, डीएसएलआरच्या आत उजेड वाटून देणारा आरसा असतो त्याच्यामुळे लिनिअर लावला की ऑटोफोकस आणि उजेड मोजणारा मीटर फसू शकतो. घरी ओळखता येतं, लॅपटॉपचा स्क्रीन चालू करा, फिल्टर उलटा म्हणजे आट्यांची बाजू स्क्रीनकडे धरा आणि डोळ्याने बघत फिरवा. एका ठिकाणी स्क्रीन काळा झाला तर लिनिअर, काळा न होता फक्त रंगाची छटा बदलली तर सर्क्युलर.

लाल-पिवळे फिल्टर ब्लॅक अँड व्हाइट रोलसाठी होते, पिवळ्याने आभाळ जरा गडद यायचं, लालने खूपच. डिजिटलमध्ये रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट करताना तेच काम कॉम्प्युटरवर जास्त नीट होतं, म्हणून ते बाबांची आठवण म्हणून जपा. आणि ताई, तुम्ही चाळीसगावच्या आहात म्हणून सांगतो, फोटोग्राफर केकी मूस (१९१२-१९८९) यांचं घर तुमच्याच गावात आहे, तिथे त्यांच्या टेबल-टॉप फोटोग्राफीचं काम बघायला मिळतं, घराच्या बाहेर न पडता टेबलावर मांडलेल्या चार वस्तूंतून त्या माणसाने आख्खी दृश्यं उभी केली. पाहिलं नसेल तर आधी ते पाहून या, क्लोज-अप सेट त्यानंतर काढा, काय काढायचं ते आपोआप सुचेल.

भुसावळहून: प्रत्येक लेन्सला यूव्ही फिल्टर हवाच का? तो पण एकच घेऊन रिंगने फिरवला तर?

यूव्ही किरण डिजिटल सेन्सरपर्यंत तसेही फारसे पोचत नाहीत, त्यामुळे आजकाल तो फक्त पुढची काच वाचवायला लावतात. आणि राखणदार म्हणून लावायचा तर तो ज्या त्या लेन्सवर कायम राहिला पाहिजे, इकडून तिकडे फिरवण्यात अर्थ नाही, म्हणून इथे रिंगचा हिशोब लागू होत नाही. आपल्याकडच्या मे महिन्याच्या धुळीत मी लावतो. रात्री रोषणाईचे, आरतीचे फोटो असले की काढतो, दिव्यांची भुतं उमटतात फोटोत. आणि सीपीएल लावायचा असेल तर यूव्ही आधी काढा, एकावर एक चढवू नका.

शहाद्याहून दोघे मित्र लिहितात: पावसाळ्यात तोरणमाळला सीताखाईच्या धबधब्याचा दुधासारखा फोटो काढायला गेलो. १०-१८ वाइड लेन्स, ६७ मापाची, त्यावर सीपीएल आणि त्यावर एनडी १०००, म्हणजे उजेड कमी करणारा गडद फिल्टर. कोपरे काळे आले, फोकस पण गेला आणि एका फोटोत मधोमध विचित्र उजेडाचा पट्टा. पुन्हा जायचंय, काय चुकलं?

काही फार चुकलं नाही, माप आणि क्रम चुकला. १० एमएमवर लेन्स इतकी रुंद बघते की दोन फिल्टरच्या चौकटी एकावर एक आल्या की त्या नळीच्या तोंडातून बघितल्यासारखं होतं. इथे स्टेप-अप रिंगचा खरा फायदा कळतो. ६७-८२ ची रिंग लावा आणि दोन्ही फिल्टर ८२ चे वापरा, जाडी तेवढीच राहते पण चौकट बाहेर सरकते आणि कोपरे सुटतात. मात्र एकच रिंग, ६७-७२, ७२-७७, ७७-८२ अशी माळ लावू नका, प्रत्येक रिंगची जाडी वाढत जाते आणि परत तिथेच येता. दोघांचं मिळून बजेट असेल तर ८२ चे फिल्टर सामाईक घ्या आणि रिंग आपापल्या.

आणि तोरणमाळला पावसाळ्यात एनडी १००० कशाला? ढग इतके खाली येतात की उजेड आधीच कमी. एफ ११, आयएसओ १०० ला समजा शटर एक पंधरांश सेकंद येतोय, तर सहा स्टॉपचा एनडी ६४ लावला की चार सेकंद होतात, पाणी छान रेशमी येतं आणि तरी त्याला धारा राहतात. दहा स्टॉपचा एनडी १००० लावाल तर मिनिटाच्या वर जातं, ३० सेकंदांच्या पुढे बल्ब मोड (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं) आणि रिमोट लागतो, तेवढ्यात समोरची झाडं हलतात, धुकं येतं, काचेवर तुषार बसतात. धबधब्याला एक ते चार सेकंद पुरे असं माझं मत. सीपीएल मात्र ठेवा, ओल्या काळ्या दगडावरची चमक गेली की दगडाचा रंग काय उठतो बघा.

फोकस गेला कारण एनडी १००० मधून कॅमेऱ्याला बऱ्याचदा काही दिसतच नाही. फिल्टर लावायच्या आधी फोकस करा, लेन्सचं बटण मॅन्युअलवर टाका, मग फोकसच्या रिंगला धक्का न लावता अलगद फिल्टर चढवा. आणि तो उजेडाचा पट्टा बहुतेक मागून, डोळा लावायच्या काचेतून आलाय, डीएसएलआरमध्ये लांब एक्सपोजरला तिथून उजेड आत शिरतो, रुमाल टाका किंवा पट्ट्यासोबत येणारं रबरी झाकण लावा. व्हेरिएबल एनडी, म्हणजे फिरवून कमी-जास्त गडद करता येणारा, लावला असता तर अजून एक वेगळं दुखणं, त्याच्या आत दोन पोलरायझर असतात आणि वाइड लेन्सवर तो जास्त गडद केला की फ्रेमभर फुलीसारखा काळा डाग येतो, वाइडला साधाच एनडी बरा.

हो आणि, एनडी १००० लावून सूर्याकडे बघायचं नाही. ग्रहणाला लोक हाच फिल्टर लावून व्ह्यूफाइंडरला डोळा लावतात. सूर्याचा फिल्टर साधारण एक लाखात एक भाग उजेड सोडतो, एनडी १००० हजारात एक, म्हणजे शंभरपट जास्त. डोळा कायमचा जाऊ शकतो.

नंदुरबारहून: रिंग आणि सीपीएल एकमेकांत इतके घट्ट बसलेत की दोघंही निघत नाहीत. पक्कड लावू का?

नका! पक्कड अजिबात नका.

माझं स्वतःचं सांगतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे फोटो काढत होतो, टापांनी उडालेली धूळ आट्यात गेली आणि संध्याकाळी ५८-७७ ची रिंग आणि सीपीएल एक जीव झाले. मी पूर्ण ताकदीने पिळलं, जितकं पिळलं तितकं घट्ट. कारण आपण दोन बोटांत दोन बाजूंनी दाबतो तेव्हा पातळ कडी गोल राहत नाही, अंडाकृती होते आणि आटे अजून अडकतात. शेवटी पायातली रबरी स्लीपर काढली, तिचा तळ स्वच्छ पुसला, फिल्टरचं तोंड त्याच्यावर सपाट टेकवलं आणि अगदी हलका दाब देऊन अख्खी लेन्स डावीकडे फिरवली. सुटलं, एका झटक्यात. सगळ्या कडेवर सारखा दाब पडतो म्हणून सुटतं, ताकद लागतच नाही. सीपीएलची पुढची कडी मोकळी फिरते त्यामुळे कधीकधी असं जमत नाही, मग मागच्या स्थिर कडीवर भाजीच्या जुडीचे रुंद रबरबँड गुंडाळा, दुसरे रिंगवर गुंडाळा आणि पाचही बोटांनी सगळीकडून सारखं धरून फिरवा. तरी नाही सुटलं तर प्लास्टिकचे अर्धगोल फिल्टर पाने जोडीने मिळतात, ते मागवा. तेल सोडू नका, ते काचेवर उतरतं.

पुढच्या वेळी बसवताना आधी उलटं फिरवा, आटा टक करून बसल्याचं बोटाला जाणवतं, मग सुलटं फिरवा आणि थांबेल तिथे थांबा, वरून पिळू नका. पितळी रिंग ॲल्युमिनियमपेक्षा कमी अडकते, थोडी महाग आहे पण जी रिंग रोज काढ-घाल होते ती पितळीच घ्या. आणि यात्रेहून आलात की जुन्या मऊ टूथब्रशने आटे झाडून मगच बॅग बंद करा.